पाचशे मिलिग्रॅम

तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
गोणी पाठीवर घेतली.
हूक मारला की गोणी आपली.
आता कोपरखैरण्याच्या खोलीत
निळे हातमोजे चढवून
एकेक गुलाबी गोळी डबीच्या झाकणात सोडतो,
आणि हात कापतो.

हौसा म्हणते, "अहो, पडंल."

तोडायची नाही, कुटायची नाही,
ताकात विरघळवायची तर नाहीच.
सिस्टर लिन्सीनं दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून,
मुकादम नव्या पोराकडून
थप्पीचा हिशेब म्हणून घेतो तसं.

सकाळी आठ, रात्री आठ.
भाकरी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत.
चौदा दिवस, मग सात दिवस सुट्टी.
पतपेढीच्या कॅलेंडरवर मी रेघा मारतो,
जुनी सवय,
चार उभ्या, पाचवी आडवी.
सुट्टीच्या सात घरांत हौसानं स्वतः
कुंकवाचं बोट टेकवलंय.
या दिवसांत तिला आजारी म्हणायचं नाही.

एकदा भाचीच्या साखरपुड्याला घणसोलीला गेलो,
डबी घरीच फ्रिजवर.
परतलो तेव्हा रात्रीचा एक.
मार्केटात राहिलेला माल
दुसऱ्या दिवशी भरून काढावा लागतो,
म्हणून सकाळी मी चाराच्या आठ मोजल्या.
मोजल्या, आणि काय वाटलं कोण जाणे,
आधी नंबर लावला.
"राहिली ती राहिली, काका. आता फक्त आताच्या चार."
इतका सोपा हिशेब
आयुष्यात मला कुणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या फेरीत ती मोजे घालून झोपू लागली.
ऐन वैशाखात.
विचारलं तर म्हणे, फरशी गार लागते.
वर पंखा नुसती गरम हवा ढकलत होता.
बाराव्या रात्री, तिला झोप लागल्यावर,
मी मोजे उतरवले.
तळवे लालबुंद, टाचेला फोड,
भाजल्या वांग्याची साल सुटावी
तशी कातडी.
ती जागीच होती.
"सांगितलं तर गोळी बंद करतील,"
भिंतीकडं बघत म्हणाली,
"आणि बंद केली तर..."
'तर'च्या पुढं ती गेली नाही.
मीही नाही.

सिस्टर रागावली नाही.
गोळी थांबवा, म्हणाली, सोमवारी घेऊन या,
आणि ताप आला तर सोमवारची वाट बघू नका.
दोन रात्री मी थर्मामीटर उशाशी घेऊन बसलो.

सोमवारी डॉक्टरांनी तळवे पाहिले.
फोड सुकेपर्यंत विश्रांती,
मग चाराऐवजी तीन.
रिक्षात हौसा गप्प होती.
कमी म्हणजे कमी पडणार, असं तिच्या तोंडावर.
तेव्हा मी तिला गोणीची गोष्ट सांगितली.
माझ्या उमेदीत गोणी शंभराच्या वर असायची.
भांडून भांडून ती पन्नासावर आली,
तेव्हा काही म्हातारे म्हणाले, संपलं आता काम.
काम संपलं नाही, हौसा.
पाठी टिकल्या.

ती काही बोलली नाही.
तीन टाकीच्या सिग्नलला
तिनं पिशवीतलं संत्रं काढून सोललं,
निम्मं मला दिलं.

परवा रेशनच्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही.
चारदा पुसला, पदराला, काचेला.
दुकानदार म्हणाला, "रेषाच नाहीत मावशी."
गोळीनं पुसल्यात.
माझ्या तर गोणीनं केव्हाच पुसल्या होत्या.
दोघं काउंटरपाशी कोरे अंगठे घेऊन उभे,
आणि तिला असं हसू फुटलं
की मागची रांगही हसायला लागली.
तांदूळ शेवटी नातवाच्या अंगठ्यावर आणले.

आज चौथ्या फेरीचा तिसरा दिवस.
आठाला पाच कमी आहेत.
भाकरी झालीय, पाणी भरलंय.

"हौसा, मोजे कुठायत?"
"कुठले? तुमच्या हातातले
का माझ्या पायातले?"